माहूरच्या चढावर तेलाचा दिवा

मिस्टर गेल्यावर त्यांची गाडी दारात तशीच उभी होती. मला चालवता येत नव्हती, आणि विकायला मन होत नव्हतं. तेव्हा किल्लारीहून वहिनी आल्या, माझ्या थोरल्या भावाची बायको. भावाचा पाय अधू झाल्यापासून किल्लारी-लातूर सवारीची जीप त्याच चालवतात. जीप घरी ठेवून त्या नांदेडला माझ्याकडे राहिल्या आणि रोज सकाळी शेजारी बसून मला गाडी शिकवली. मी रडायला लागले की रडू द्यायच्या, डोळे पुसले की म्हणायच्या, चला, गिअर टाका.

मिस्टर गाडीच्या इंजिनात नेहमी महागडं सिंथेटिक ऑईल भरायचे. वहिनींच्या जीपला साधं, स्वस्त मिनरल ऑईल. एकदा मी हौसेनं त्यांना सिंथेटिकचा डबा दिला. जीपच्या इंजिनातले तेल अडवणारे रबरी सील जुने, कडक झालेले. नवं तेल त्यातून झिरपायला लागलं. वहिनींनी मला बोल लावला नाही. म्हातारीला सवयीचंच मानवतंय, जीपवर थाप मारून म्हणाल्या आणि परत मिनरलवर आल्या. तुमच्या गाडीत मात्र सिंथेटिकच भरत जा, हे त्यांनीच बजावलं. थंडीत ते चटकन सगळीकडे पोचतं, तापल्यावरही लवकर खराब होत नाही, हे त्यांना पटलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात आईला रेणुकेच्या दर्शनाला नेत होतो. मी चालवत होते, वहिनी शेजारी. माहूरचा चढ लागला आणि समोर डॅशबोर्डवर तेल कमी झाल्याचा लाल दिवा पेटला. वहिनींनी लगेच गाडी कडेला घ्यायला लावून इंजिन बंद करायला सांगितलं. जरा वेळानं इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली, तर टोकाला जेमतेम ओल. सर्व्हिसिंगच्या वेळी तेल काढायचा खालचा नट नीट आवळला गेला नव्हता, तिथून तेल गळून गेलं होतं. पदर खोचून वहिनी पाना घेऊन गाडीखाली रस्त्यावर आडव्या झाल्या आणि तो आवळला. मग पिशवीतून जीपसाठी घेतलेला मिनरलचा डबा काढला.

"हे त्यात मिसळलं तर इंजिन जाईल ना, वहिनी?"

"आजच्यापुरतं चालतंय. कोरडं चालवलं तर जाईल." माझा चेहरा पाहून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, दाजींची गाडी हाय. मी मोडू दीन का?"

त्यांनी डबा इंजिनात ओतला, मी गाडी सुरू केली आणि दिवा विझला. सावकाश चढून आम्ही वर पोचलो, आईनं देवीची ओटी भरली. नांदेडला परतल्यावर मेकॅनिकनं सगळं तेल काढून ताजं सिंथेटिक भरलं. इंजिनाला काही झालं नव्हतं.

या दिवाळीनंतर वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन लातूरला झालं. त्यांना किल्लारीला घरी मी सोडलं. वाटेवरचं औसा मागे पडलं तसं मी बोलता बोलता शेजारी पाहिलं. वहिनी सीटवर मान टेकून गाढ झोपल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांना पोचवणारी ही बाई माझ्या भरवशावर झोपली होती. मी खिडकीची काच वर केली आणि गाडी जपून चालवत राहिले.