म्हशीच्या जागेवरचं क्वार्टर

"गुरुजी, मले बी लिहा ना इथं," आमचे दूधवाले काका एक्याऐंशीच्या शिरगणतीला आमच्या क्वार्टरवर आलेल्या गुरुजींना म्हणाले.

"काऊन? तुमी तं गेटाबाहेर राह्यता."

काकांचं गाव दारूगोळ्याच्या डेपोसाठी उठवलं होतं. आता ते रोज पास दाखवून आत येत, पण क्वार्टरचे नंबर मानत नसत. मेजरसाहेबांचा बंगला म्हणजे पाटलाचं वावर आणि आमचं स्वयंपाकघर म्हणजे त्यांचा गोठा. "बाई, तुमची चूल आमच्या म्हशीच्या जागेवर हाय," असं ते आईला दूध घालताना ऐकवत. आई हसे.

गुरुजींनी वही मिटली. "बाहेरच्यायची नावं इथं नाई येत."

काकांनी कॅन उचलला. परक्यांसमोर कधीच न बोलणारी मी म्हणाले, "गुरुजी, बाहेरचे आम्ही आहोत."