पाखरांचा टाका

इतवारीच्या धान्यबाजारात पार्वतीबाई यायची ती नाटकातल्या राणीसारखी. सगळ्यांच्या मागून यायची, आणि सगळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे सरकायची नाही. डोक्यावर उपडं सूप, काखेत चाळणी, हातात फडा, आणि अंबाड्यात खोवलेलं लोखंडी दाभण. दुसऱ्या बाया फूल माळतात, ही पोती शिवायची सुई माळायची. "सरका गा," एवढंच म्हणायची, आणि पाठीवर भरलं पोतं घेतलेले हमालसुद्धा दोन बोटं का होईना, सरकायचे.

गोष्ट सत्तर सालानंतरची. लिलाव आटोपून गाड्या गेल्या की दुकानांपुढच्या फरशीवर जे सांडलेलं राही त्याला झाडण म्हणत. त्यात गहू असे, तूर असे, हरभरा असे. माती, सुतळीचे तुकडे आणि विडीची थोटकंही असत. ते झाडायचं, चाळायचं, पाखडायचं, खडे वेचायचे, आणि उरेल ते घरी न्यायचं. पाच-सहा बायांच्या चुली त्यावर पेटत. कोणी कोणत्या दुकानापुढे झाडायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सासूची जागा सुनेला मिळे, आणि दुसरीनं तिथे फडा टेकवला तर मग बाजाराला फुकटचा तमाशा. पार्वतीबाईची जागा वामनराव अडत्यांच्या दुकानापुढे. शेवटी सुपात जी मातकट कणी उरे ती ती भिंतीकडेला टाकून देई. पत्र्यावरच्या चिमण्या तेवढ्यासाठी थांबलेल्या असत.

"आपल्याच जातीच्या हायेत," ती म्हणे. "सांडल्यावर जगतेत."

पण तिची एक खोड बाकीच्या बायांना पटत नसे. कुठे पोतं फाटलेलं दिसलं, दाणे गळताना दिसले, की ही अंबाड्यातलं दाभण काढून ते शिवायला बसे. कोणी सांगो न सांगो.

"काहून वं, तुले पोट नाही का?" शेजारच्या दुकानापुढची बायजाबाई चिडायची. "देवानं आपल्यासाठी पोतं फाडलं, अन् तू शिवून राहिली."

"देवानं नाही, तुह्या केसातल्या आकड्यानं फाडलं," पार्वतीबाई सुतळी दातानं तोडत म्हणायची.

बायजाबाई यावर रागवत नसे. उलट आकडा केसांत नीट खोवून, काहीच घडलं नाही अशा चेहऱ्यानं दुसरीकडे पाहायची. असा चेहरा रंगभूमीवरही फार थोड्यांना जमतो.

पार्वतीबाईच्या खोडीमागं देवाजी होता, तिचा नवरा. उंचापुरा हमाल. पोतं पाठीवर घेऊन चालताना गाणं म्हणणारा. एके दिवशी पुढच्या हमालाच्या पोत्यातून हरभरा गळत होता. फरशीवरचा हरभरा म्हणजे पायाखाली गोट्याच. देवाजी घसरला, पोतं कमरेवर आलं, आणि तो पुढे खाटेवरून उठला नाही. खाटेवरच बसून तो लोकांची फाटकी पोती शिवायचा. बायकोलाही त्यानं तो टाका शिकवला. "सुतळी वढ, पण ताग कापू नको," म्हणायचा. तो गेल्यावर दाभण तिच्या अंबाड्यात आलं. चूल झाडणीवर पेटत होती हे खरं, पण वाटेत गळणारं पोतं तिला बघवत नसे.

ऐंशी सालानंतर बाजार कळमन्याला गेला. ऐसपैस जागा, उंच पत्रे, ट्रक थेट दारात. वामनरावांनीही तिथे नवा गाळा घेतला. आणि त्याच्याबरोबर त्यांनी आणखी एक नवी गोष्ट केली. गाळ्यातली झाडण त्यांनी गुरांची ढेप विकणाऱ्या एका व्यापाऱ्याला ठरवून देऊन टाकली. दारावर माणूस बसवला. पहिल्या दिवशी बाया सुपं घेऊन आल्या, तर त्यानं काठी आडवी धरली.

"इतवारीचं इतवारीत राहिलं, बाई."

मग त्या रोज यायच्या आणि बाहेर बाभळीखाली बसायच्या. सुपं रिकामी. यमुताई म्हातारीची सून बाळंतीण होती, बायजाबाईच्या घरी तर कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. बायजाबाईचं तोंडही त्या दिवसांत बंद पडलं, यावरून काय ते समजावं.

आत मात्र पोती फाटतच होती. एके सकाळी तुरीचं एक पोतं उसवलं, दाणे वाटभर पसरले आणि दोन हमाल एकामागोमाग घसरले. हाडं वाचली. पण हमालांचा मुकादम मारोतराव देवाजीच्या बरोबरीचा होता. तो पोतं खाली ठेवून वामनरावांसमोर उभा राहिला.

"मालक, दाभणवालीले आत घ्या. तवर आम्ही हात लावत नाही."

वामनरावांनी पार्वतीबाईला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, फक्त नव्या गाळ्यात नवा झाला होता. "तू रोज ये. पोती शीव. तुला रोजी देतो," ते म्हणाले. "पण एकटी. ही पलटण नको."

पार्वतीबाईनं दाराकडे पाहिलं. बाभळीखाली पलटण बसली होती. बायजाबाई आभाळात घार बघत होती, म्हणजे कान इकडे होते. रोजी म्हणजे संध्याकाळी हातात पैसे, माती चाळणं नाही, खडे वेचणं नाही. उभ्या आयुष्यात तिला कोणी रोजी दिली नव्हती.

"रोजी नको, शेठ," ती म्हणाली. "झाडण द्या. आम्हा साऱ्यांले. शिवू बी साऱ्या."

गळतीत जाणाऱ्या दाण्यांपुढे ढेपवाल्याचा करार वामनरावांना क्षुल्लकच वाटला. त्यांनी मान हलवली, आणि दारावरची काठी बाजूला झाली.

पार्वतीबाईनं सगळ्यांना टाका शिकवला. जिनं जन्मभर आकड्यानं पोती फोडली त्या बायजाबाईच्या हातात दाभण आलं, तेव्हा हमाल काम टाकून बघायला जमले. पहिल्या दिवशी तिनं पोत्यापेक्षा स्वतःचं बोट जास्त शिवलं. पण महिन्याभरात तिचा टाका असा बसला, की मुंगीनंही वळसा घ्यावा.

आणि फसगत झाली ती इथेच. संध्याकाळी बाया फडे घेऊन उठल्या, तर फरशी लख्ख. सगळ्यांची झाडण एका सुपात मावली.

"पार्वते," बायजाबाई म्हणाली, "आपुन आपलंच तोंड शिवून राहिलो वं."

आधी सगळ्या हसल्या. मग यमुताईनं आपलं रिकामं सूप झटकलं आणि हसणं थांबलं.

"एक टाका ढिला ठेवू नं," बायजाबाईनं हळूच सुचवलं.

"अन् पाठीवरचं पोतं गळलं तर?"

देवाजीला सगळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हमाल जेवायला बसले, तेव्हा पार्वतीबाई गव्हाच्या थप्पीपाशी गेली. पोती भिंतीला रचून झाली होती. आता ती विकली जाईपर्यंत कोणाच्या पाठीवर चढणार नव्हती. ती खालच्या कोपऱ्यातल्या पोत्यापुढे बसली. आपलाच टाका तिनं आपल्याच दाभणानं सैल केला. भिंतीकडे गव्हाची बारीक धार लागली. सूपभर दाणे झाले तशी तिनं सुतळी पुन्हा ओढून बांधली.

"पाठीवर असे तवर पुरा टाका," तिनं बायांना बजावलं. "थप्पीले लागलं का मंग एक ढिला. अन् निघाच्या आधी बांधाचा. वाटंवर दाणा दिसला तर माह्याशी गाठ हाय."

वामनरावांना हे दिसायचं राहिलं नाही. एका दुपारी ते थप्पीपाशी थबकले.

"पार्वतीबाई, हात म्हातारा झाला काय? पूर्वी असा टाका सुटत नव्हता."

पार्वतीबाई उठली नाही, लाजली नाही. "तो पाखरांचा टाका हाय जी."

वामनरावांनी वर पाहिलं. नव्या कोऱ्या पत्र्यावर एक चिमणी नव्हती. "कुठं आहेत पाखरं?"

तिनं दाभणानं दाराकडे दाखवलं. पाचही जणी मांडीवर सूप घेऊन ओळीनं बसल्या होत्या. मधोमध बायजाबाई, काहीच घडलं नाही असा चेहरा करून.

वामनरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. मग लिलावाकडे निघाले. जाताना मात्र थप्पीच्या त्या कोपऱ्याला पाय लागू नये म्हणून चांगला वळसा घालून गेले.

खऱ्या चिमण्या पुढच्या हिवाळ्यात आल्या.