सॉनाच्या दाराशी चाळीस फुलवाती

तुम्हाला परवाची भाजी आठवत नाही, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधता... म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचं मीच सांगते. मी बोलतेय, नात सायली तिच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर टाइप करतेय. मला अक्षर येत नाही, तोंड मात्र चालतं.

हरतालिकेचा दिवस होता. अंधेरीला बायकांचा एक हेल्थ क्लब निघाला होता, तिथे मी टॉवेल द्यायच्या कामाला होते. आत एक लाकडी खोली, तिला म्हणायचे सॉना, त्यात विजेची शेगडी, शेगडीवर तापलेले दगड... आणि चांगल्या घरातल्या बाया पैसे भरून आत घाम गाळत बसायच्या! पहिल्या दिवशी मी हबकलेच. अगं, मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या खोलीत या की, फुकट!

पण क्लब चालवणाऱ्या मॅडम सांगायच्या, नेमानं सॉना घेतला की अंगाची ताकद वाढते, सर्दी-पडसं जवळ येत नाही. आमच्याकडे येणाऱ्या जोशीबाई, शाळेत शिकवायच्या, बारा महिने नाक पुसणाऱ्या. वर्षभर नेमानं बसल्या आणि त्या पावसाळ्यात एकदा शिंकल्या नाहीत. डोळ्यांनी बघितलंय मी.

टॉवेल सोडले तर माझं काम एकच. दहा मिनिटं झाली की दार ठोकून बाईला बाहेर काढायचं. आता घड्याळ कुणाला येत होतं? पण हे मॅडमना कुठे माहीत! पहिल्या आठवड्यात त्या स्वतः "टाइम" म्हणून ओरडायच्या, तेवढ्यात माझ्या चाळीस फुलवाती व्हायच्या. मग काय, दाराबाहेर स्टुलावर कापूस घेऊन बसायचं. चाळीस झाल्या, ठोक दार. मॅडमना वाटायचं, बाई भारी देवभोळी आहे.

तर त्या दिवशी जोशीबाई आत गेल्या. आत त्या नेहमी गुणगुणायच्या. विसाव्या वातीला गुणगुणणं थांबलं... माझे हातही थांबले. अजून वीस बाकी होत्या, तरी मी दार उघडलं.

बाई फळीवर आडव्या. ओठ पांढरेफटक. मी ओढतच बाहेर आणलं, मॅडम धावत आल्या. बाईंनी डोळे उघडले तसा पाण्याचा पेला पुढे केला, तर तोंड फिरवतात!

"नको गं सुमन... निर्जळी आहे आज."

मी गारच पडले. पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही, आणि या भट्टीत येऊन बसली! एवढी शिकलेली बाई!

"बाई, नवऱ्याला शंभर वर्षं मिळतील हो, पण ती बघायला तुम्ही नकोत का? प्या मुकाट्यानं. पाप माझ्या माथी."

मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. अर्ध्या तासानं तोंडावर रंग आला.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "सुमन, किती मिनिटं झाली होती?"

नोकरी गेलीच असं धरून खरं बोलले... "वीस वाती." आणि पोटातलं सगळं सांगून टाकलं. मॅडमनी आ वासला तो वासलाच. मनगटावरचं घड्याळ काढून म्हणाल्या, "कर चाळीस. आत्ता, माझ्यासमोर." कापूस पुढे ओढला आणि केल्या. मॅडम घड्याळाकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत... दहा मिनिटांना जरासं कमी!

नोकरी राहिली. वर नवीन काम मिळालं. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला माझ्यासमोर पेलाभर पाणी प्यायला लावायचं, आणि उपासवालीला दारातूनच परत पाठवायचं. मॅडमच्या मैत्रिणीलासुद्धा मी सोडलं नाही.

सायलीच्या सोसायटीत आता सॉना झालाय, म्हणून हे सांगितलं. बसा खुशाल, नेमानं बसा, अंगाला बरं असतं. फक्त पाणी न पिता आत जाऊ नका, आणि बाहेर कुणाचा तरी कान तुमच्याकडे असू दे... ते पांढरे ओठ आठवले की मला अजून धडधडतं.

आणि हो, हरतालिका आली. मी उपास करते, पण पाणी पिऊन. पुण्य हवंय त्यांनी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी पाठवा. आमटी वेगळ्या डब्यात, मिरची बेतानं... गेल्या वर्षीची अजून जिभेवर आहे.