देवीने दोनदा नाही म्हटलेलं कार्ड

पेडणे तालुक्यातला सगळ्यात मोठा येडपट शोधायला तुम्हाला कुठे जावं लागणार नाही. तो तुमच्यासमोर बसून चहा पितोय. कसं झालं ते सांगतो. हसायला आलं तर हसा, मला राग नाही. फक्त या गोष्टीत एक माणूस गेलेला आहे, म्हणून मी मध्येच गप्प झालो तर तुम्ही आपले बशीत बघा. माझ्याकडे बघू नका.

गेलेला माणूस म्हणजे माझा दादा. नितीन. एकोणतीस वर्षांचा. ताप आला, कावीळ निघाली, नवव्या दिवशी संपला. एवढंच. याहून जास्त बोललो तर किस्सा इथेच बंद पडेल.

दादा हुशार. डिचोलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत मशिनवर कामाला होता. मी आठवीत दोनदा बसलो आणि दोनदा तिथूनच उठलो. आता धारगळला गॅरेजात स्कूटर खोलतो. दादाला एकच नाद, गेम. मोरजीला राहणारा एक गोरा सामान विकून आपल्या देशात चालला होता, त्याच्याकडून दादाने व्हीआरचा हेडसेट घेतला. म्हणजे डोळ्यांवर बांधायचं डबडं. ते बांधलं की माणूस उभा असतो आपल्या खोलीत आणि त्याला दिसतो हिमालय!

पण दिसणार कसा? दादाचा कॉम्प्युटर जुना. डबडं जोडलं की चित्र अडकत अडकत चालायचं आणि दादाला ओकारी यायची. "ग्राफिक्स कार्ड पाहिजे रे बाबल्या," तो म्हणायचा. रोज जेवताना मोबाइलवर तेच. हे कार्ड बरं पण बजेटात नाही, ते बजेटात आहे पण बरं नाही. सहा महिने नुसतं निवडत होता. मी म्हणायचो, "लग्नाला मुलगी बघतोस की कार्ड?"

आणि मग तो गेला.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. समोरच्या झाडावर सात-आठ कावळे, पण एक खाली येईल तर शपथ! तुम्हाला माहीतच आहे, गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग घरचे एकेक जण पुढे होऊन शब्द देतात. बाबा म्हणाले, "नित्या, आईला मी सांभाळतो." कावळे ढिम्म. माझा मामा पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "नितीन, तुझ्या ह्या बाबल्याक मी वळण लावतंय." एका कावळ्याने चक्क मान फिरवली. त्यालाही ते होण्यातलं वाटलं नसावं.

ऊन चढलं. आई घरी वाट बघत असेल, कावळा शिवला का म्हणून. मी एकदम पुढे झालो आणि ओरडलो, "दादा, तुझं व्हीआरचं ग्राफिक्स कार्ड मी आणतो! आणतो म्हणजे आणतो, पण ये!"

आला! थेट आला, भात उचलला आणि गेला.

सगळे गार. भटजींनी मामाला हळूच विचारलं, "काय आणतो म्हणाला?"

"कार्ड."

"कसलं?"

"देव जाणे. पण शब्द दिलो मरे. हाडूक लागतला." म्हणजे आणावंच लागणार.

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात ग्राफिक्स कार्ड हा शब्द देवाच्या नावासारखा झाला. आई मला गॅरेजातून आल्यावर पाणी द्यायची आणि विचारायची, "हाडलंस काय रे दादाचा कार्ड?" नाही म्हटलं की आत जाऊन भाताचं आधण ठेवायची. चार माणसांचं. मग आठवलं की थोडं पाणी काढून टाकायची.

हे मला बघवेना. मी काय केलं? माझी मोटरसायकल विकली. गॅरेजवाला आणि बसने कामाला जातो! कंडक्टरसुद्धा हसायचा. बावीस हजार हातात आले, तडक म्हापशाला कॉम्प्युटरच्या दुकानात.

"व्हीआरचं कार्ड द्या. बावीस हजारात."

दुकानदार चांगला माणूस. म्हणाला, "पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे?"

आता आमच्या धंद्यात एक नियम आहे. कळलं नाही तर मान हलवायची आणि म्हणायचं, "तेच, तेच."

"तेच म्हणजे किती?"

"भरपूर आहे."

"केबिनेट केवढं? लांब कार्ड मावेल?"

"मावेल की. मावलं नाही तर मावतं करून घेऊ."

त्याने खाली बसून मला समजावलं. व्हीआरमध्ये दोन डोळ्यांना दोन चित्रं लागतात, तीही भराभर, नाहीतर गरगरतं. म्हणून कार्ड दमदार पाहिजे. पण दमदार कार्ड वीज खातं, आणि वीज देणारा डबा जुना असला तर अख्खा कॉम्प्युटर बंद पडतो. त्याने दोन पंख्यांचं एक छोटं कार्ड दाखवलं. "हे बजेटात बसतं. आठ जीबी, वीज कमी, जुन्या कॉम्प्युटरला झेपतं. पण घाई करू नका. आधी झाकण काढून आतला एक फोटो पाठवा. त्यावरून सांगतो."

एक फोटो! केवढंसं काम!

पण त्यासाठी दादाच्या खोलीचं दार उघडायला लागणार होतं. ती खोली आईने तेराव्याला पुसून बंद केली होती. कॉम्प्युटरवर दादाचा टॉवेल घातलेला. मी दोनदा दारापर्यंत गेलो. कडीला हात लावला आणि गॅरेजात उशीर होतोय म्हणून निघून आलो. एकदा तर रविवार होता.

तर फोटो नाही. मी इंटरनेटवर शोधलं आणि डिचोलीचा एक जण सापडला. त्याच्याकडे जुनं कार्ड, त्याच बावीस हजारात. पण काय कार्ड होतं! तीन पंखे! हातात घेतलं तर बुलेटचा पार्ट घेतल्यासारखं वजन. तो बिचारा खरं बोलला, "दोन वर्षं मी हे रात्रंदिवस चालवलंय, कॉइन काढायला, ते बिटकॉइन असतात तसले. बघा बाबा, नंतर बोलू नका."

मला वाटलं, उलट बरं! चालतं इंजिन चांगलं असतं, पडून राहिलेलं गंजतं. म्हापशाचं दोन पंख्यांचं आणि हे तीन पंख्यांचं. हिशेब सोपा नाही का?

पण शब्द दादाला दिलेला, चूक करून चालणार नव्हतं. मामा म्हणाला, "देवीक विचार."

आमच्याकडे अडलं की देवीला पाकळ्या लावतात. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. लग्न, जमीन, विहीर, सगळं विचारतात. ग्राफिक्स कार्ड विचारणारा मी पहिलाच.

पुजारी म्हणाले, "देवीला काय सांगू? वस्तू काय आहे?"

"कॉम्प्युटरात बसवतात. तीन पंखे आहेत."

"तीन? देवळात एक आहे, तो तीन महिने बंद आहे."

"तो मी दुरुस्त करतो. तुम्ही विचारा, मोठं कार्ड घेऊ काय?"

विचारलं. डावी पाकळी पडली.

मी म्हटलं, "भटजी, तुम्ही नीट सांगितलं नाही. किती जीबी ते सांगा." त्यांनी पुन्हा हात जोडले, जीबी सांगितले. पुन्हा डावी! मामा म्हणाला, "पुरे रे. दोनदा म्हणाली." पण माझं डोकं फिरलेलं. मीच पुढे झालो. "देवी, दादासाठी आहे. त्याला मोठंच पाहिजे. छोटं आणून मी त्याला तोंड कसं दाखवू?" असं म्हणताना माझा आवाज फाटला आणि तेवढ्यात उजवी पाकळी सुटली. आता ती देवीने सोडली की माझ्या ओरडण्याने सुटली, तुम्हीच ठरवा.

मी त्याच दुपारच्या बसने डिचोलीला. कार्ड घेतलं. येताना फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवून बसलो होतो. शेजारची बाई म्हणाली, "बाळ आजारी आहे काय?" मी म्हटलं, "नाही, दादाचं आहे." ती उठून दुसरीकडे बसली.

घरी आईने तयारीच ठेवलेली. पाट, निरांजन, हळदकुंकू. मी म्हटलं, "आई, हे ओलं लावायचं नाही." ऐकते कुठली! तिन्ही पंख्यांना कुंकू लागलं, अक्षता पडल्या, त्यातल्या अर्ध्या आत गेल्या. आई कार्डाला म्हणाली, "बस रे बाबा आता तुझ्या जाग्यार." मग आमच्याकडे पाठ करून ती निरांजनाची वात नीट करत राहिली. वात नीटच होती.

आता दार उघडल्याशिवाय इलाज नव्हता. मामा पुढे, मी मागे. टॉवेल मामानेच उचलला. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली बसलो, तर झाकणाचे स्क्रू सैल. गॅरेजवाल्याला स्क्रू खोटं सांगत नाही. हे नुकतंच कोणीतरी उघडलेलं होतं.

झाकण काढलं. आत कार्ड होतं.

दोन पंख्यांचं. छोटं. म्हापशाच्या दुकानदाराने दाखवलेलं, अगदी तेच. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"काय रे, बसता काय?" मामा मागून म्हणाला.

"बसलंय."

"इतक्यात? तू बसवलंस?"

"दादाने."

आणि मग मला तो शनिवार आठवला. दादा सकाळी म्हणाला होता, "संध्याकाळी लवकर ये रे, एक गंमत दाखवतो." मी बरं म्हटलं आणि पोरांबरोबर हरमलला फुटबॉलची मॅच बघायला गेलो. आलो तेव्हा तो झोपला होता. रविवारी त्याला ताप.

(बशीत बघा.)

हां. तर ते तीन पंख्यांचं. डिचोलीवाल्याला फोन केला, परत घे म्हटलं. तो म्हणाला, फोटो पाठव. पाठवला. "अहो, याला कुंकू लागलंय." "पुसून देतो." "आत तांदूळ पण दिसतायत." "ते पण काढतो." तो म्हणाला, "नको. पूजा झालेली वस्तू मी घेत नाही. मला भीती वाटते." म्हणजे गाडी गेली, बावीस हजार गेले, आणि ज्याच्यासाठी गेले तो आधीच सगळं बरोबर करून बसलेला!

मी मामाला विचारलं, "मग तो कावळा कशाला आला?"

मामा म्हणाला, "तुका गप्प करूक! आणखी थोडो वेळ गेलो असतो तर तू घर पण कबूल केलं असतंस."

मला वाटलं आता आई रडणार. ती दारात उभी होती. सगळं ऐकलेलं. ती म्हणाली, "मगे लाव तो डबो. बघ. तेणा बघूक नाय, तू बघ."

कॉम्प्युटर लावला. दादाच्याच नावाने चालू झाला. केबल जोडली, डबडं डोक्यावर चढवलं, मागचा पट्टा दादाच्या डोक्याच्या मापाचा होता, तो मी घट्ट केला नाही. हाताने धरून उभा राहिलो. आणि आलं हो चित्र! न अडकता! मी एका उंच डोंगराच्या टोकावर, पायाखाली दरी, दूर कुठेतरी पाणी. मी मान वळवली की डोंगरही वळायचा. गरगरणं नाही, ओकारी नाही. सहा महिने बघून-बघून त्याने एकदम बरोबर कार्ड निवडलं होतं.

"दिसता काय रे?" आई.

"दिसतंय गो आई. डोंगर आहे."

"मागीर?"

"दरी आहे. आता धुकं येतंय."

खरंच येत होतं. दरीतून वर चढलं, डोंगर गेला, पाणी गेलं, सगळं पांढरं. मी आईला सगळं सांगत होतो, किती दाट धुकं आहे, किती खरं वाटतंय, गालाला गार लागतंय, ग्राफिक्स म्हणतात ते हेच. आई बाहेर शेजारणीला सांगायला लागली, "नितीनच्या कार्डात धुकां पण दिसता!"

मामाला राहवेना. "हाड हय," म्हणून त्याने डबडं माझ्या डोक्यावरून काढलं, स्वतः लावलं. लगेच काढलं, आतल्या ओल्या काचांकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, शर्टाच्या टोकाने काचा चांगल्या पुसल्या आणि परत लावलं.

"धुकां खंय आसा? लख्ख उन्ह पडलां. समुद्र पण दिसता."

"मग बाबल्याक धुकां कित्याक दिसला?" आईने विचारलं.

मामा डबडं न काढता, कपाटाकडे तोंड करून म्हणाला, "गॅरेजवालो मरे तो! काच पुसल्याशिवाय गाडी चालयता."