काचेपलीकडची परीक्षा

सुनंदा सिस्टरांनी परवानगी दिली, म्हणूनच मी अतिदक्षता विभागाच्या काचेपाशी उभा राहू शकलो. आत माझा धाकटा भाऊ मदन, न्यूमोनियाने बेशुद्ध, मशीनच्या श्वासावर. बाहेर मी, सातवीत शाळा सोडलेला, गावापासून इतका लांब की ओळखीचं कोणी नाही.

राउंडला आलेले डॉक्टर सिस्टरांना प्रश्न विचारत होते. आवाज येत नव्हता, नुसते ओठ हलताना दिसत होते.

“इतकी वर्षं नर्स आहे, तरी अतिदक्षतेचं पुढचं शिक्षण घेतेय,” दारातल्या मावशी हसून म्हणाल्या. “परत शाळेत बसलीय आमची बाई!”

तेवढ्यात सिस्टर गप्प झाल्या. फळ्यापुढे मीही असाच गप्प व्हायचो. पण तिथे चुकलं तर छडी बसायची. इथे प्रश्न म्हणजे माझा भाऊच होता. कुणाचं तरी माणूस वाचावं म्हणून कुणी तरी शिकतच राहतं, आणि ज्याचं माणूस आहे त्याच्या हातात नुसतं उभं राहणं असतं.

सिस्टर वाकल्या, मदनच्या छातीकडे बघत राहिल्या, मग काहीतरी बोलल्या. डॉक्टरांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, तेही मला कळेना.

मग त्या स्वतःच बाहेर आल्या. “दादा, मशीनचा जोर जरा कमी केलाय. बघू, तो स्वतः किती श्वास घेतो.”

“घेईल ना?”

“मलाही नाही सांगता येत हो. पण मी इथेच आहे.”

मी मनातच म्हटलं, सिस्टर, तुमचं शिक्षण पुरं झालं की गावच्या रानातली चारोळी घेऊन येईन, खिरीत घालायला. मदन उठला तर दोघं येऊ. नाही उठला, तरी मी एकटा येईन.