जालिंदरबाबांनी अर्ध्यावर सोडलेला सिनेमा

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

आज सावेडीतल्या आमच्या फिल्म क्लबमध्ये एक जुना वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचा सिनेमा दाखवला. शेजारचे जालिंदरबाबा हौसेने आले होते. वय नव्वद. चाळीसच्या दशकात, लहानपणी त्यांनी नगरच्या लष्करी कॅम्पात तंबूत असे सिनेमे पाहिले होते.

पडद्यावर बंदूकधारी घोडेस्वार अमेरिकेतल्या आदिवासींच्या वस्तीवर तुटून पडले. हॉलमध्ये टाळ्या, शिट्ट्या. बाबा उठून बाहेर गेले. मी मागोमाग धावले.

"बाबा, बरं वाटत नाही का?"

"आमी पारधी, ताई. तवा इंग्रज सरकार आमाला जन्माचे चोर म्हनायचं. घोड्यावरले शिपाई आले की आमी बी असंच पळायचो. तंबूत लोकं अशाच शिट्ट्या मारायची. बापानं हाताला धरून मला भायेर आनलं हुतं."

मी आत जाऊन सिनेमा थांबवायला सांगितला आणि त्यांना घेऊन घरी निघाले. रिक्षात मीच बोलत राहिले. पुढे हे सिनेमे बदलले, त्या लोकांना नावं मिळाली, त्यांची भाषा ऐकू आली, नायकालाही आपल्या बंदुकीची लाज वाटू लागली.

बाबांनी विचारलं, "मग त्यात ती मानसं शेवटाला जित्ती ऱ्हात्यात का?"

मी एकेक सिनेमा आठवून पाहिला. बहुतेकांत मरतातच. फक्त आता नायक रडतो.

तुम्हाला एखादा माहीत आहे का, ज्यात ती माणसं जगतात? बाबांना दाखवायचाय.