दुनळीवर ठेवलेला हात

लग्नाला चार महिने झाले होते आणि अकलेचा अजून पत्ता नव्हता, तेव्हा खामगावच्या दुकानात जाऊन मी बंदूक पसंत केली. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं, मीही नवी. राज्याला निदान सल्ला द्यायला चारचौघं होती. मी कुणाचं ऐकतच नव्हते.

आमचं गाव सोनाळ्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. ज्वारीची कणसं निसवली की हे रानडुकरांपासून राखणीला शेतावर निजायला जात. घरात उरायच्या दोघी, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या वर्षी आसपासच्या गावांत घरं फुटली होती. सासरे गेल्यावर लायसन आत्याबाईंच्या नावावर झालेलं, म्हणजे बंदूक चालवायची ती त्यांनीच. जुनी ठासणीची गंजून गेली होती, म्हणून नवी घ्यायची. आणि आत्याबाई तर अंगानं चिपाडासारख्या.

दुकानात त्यांनी एकनळी उचलली, खांद्याला लावून पाहिली. "हलकी हाय. मले झेपते."

दुकानदारही म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी हीच. दुनळी जड, धक्काही मोठा."

पण माझ्या माहेरी दुनळी होती! एकनळी मला जिनिंगच्या चौकीदाराची वाटायची. आमच्या सासरची रीत अशी, की पहिल्या वर्षी नवी सून जिच्यावर हात ठेवील ती वस्तू घ्यायची. मग बैल असो की पातेलं. मला ते चांगलं ठाऊक होतं. मी पदर सावरला, हिरव्या बांगड्या वाजवल्या आणि हात दुनळीवर ठेवला. वर शहाणपणही पाजळलं, "दोन नळ्या पाहून चोर दुप्पट भितो."

हे म्हणाले, "माय, तुले झेपन का?"

"घरच्या लक्ष्मीनं हात ठेवला, आता काऊन इचारून राह्यला?" आत्याबाई म्हणाल्या. एकनळी त्यांनी खाली ठेवली, पण तिच्यावरचा हात लगेच उचलला नाही. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दसऱ्याला मी दुनळीला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पूजा झाली की अंगणात एक बार हवेत काढायचा, हे सासऱ्यांपासून चालत आलेलं. आत्याबाईंनी बार काढला आणि तिथंच खाली बसल्या. उजवा खांदा निखळला होता.

हाडवैद्यानं तो बसवला, पण हात पुन्हा वर गेला नाही. घरात बंदूक धरणारं कुणी उरलं नाही, म्हणून ह्यांना शेतावरचं निजणं सोडावं लागलं. ज्वारी डुकरांनी खाल्ली. हे बंदूक बदलायला निघाले, तर आत्याबाईंनी अडवलं. "कुंकू लावलेली वस्तू वापस करतेत का? अन् लोकं म्हनतीन, सुनेचा हातगुण वाईट."

विचारपूस करायला आलेल्या बायांना त्या सांगत, "न्हाणीत पाय घसरला माहा." मी तिथंच चहा गाळत असायची. एरवी कुणाला बोलू न देणारी मी तेव्हा नुसत्या कपबशा मांडायची.

त्यांना स्वतःचे केस विंचरता येईनात, म्हणून ते काम मी घेतलं. एकदा त्या शेजारणीला म्हणाल्या, "माही सून लय गुणाची हाय व. मले फणीले हात नाही लावू देत."

"नशीबवान हाव बापा तुम्ही," म्हणत शेजारणीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी खाली मान घालून लाजले. मी मेलीनं ते कौतुकही ठेवून घेतलं.